चोपड्याकडच्या एका सेवा केंद्रात क्रोमशेजारी फायरफॉक्स: काय टिकलं, काय गळालं

प्रकरण आहे चोपड्याहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजारगावातल्या सेवा केंद्राचं. केंद्र एक ताई चालवतात, हाताखाली बारावी झालेला एक पोरगा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या पोर्टलांबद्दल तक्रारीच्या सुरात लिहिलंय त्यांच्याशीच ताईंना रोज काम पडतं. मी त्या भागातल्या अशा दुकानांची यंत्रं दुरुस्त करतो, तेवढाच माझा संबंध.

दुकानात तीन संगणक: दोन विंडोज ७ चे म्हातारे, एक विंडोज १० चा. जोडीला प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि डिजिटल सहीचं डोंगल. गावाच्या खालच्या अंगाला केळी आणि कापूस, वरच्या अंगाला सातपुडा. त्यामुळे गिऱ्हाईकही दोन तऱ्हेचं. सातबारा, पीकविमा, ठिबकचं अनुदान यासाठी शेतकरी येतात, आणि जून उजाडला की पाड्यांवरून पावरा-तडवी पोरं-पोरी शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचे अर्ज भरायला उतरतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात ताईंनी मला बोलावलं ते ब्राउझरसाठी नाहीच. ‘भाऊ, कम्प्युटरला व्हायरस लागलाय, फॉरमॅट मारून द्या,’ एवढंच म्हणणं. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दर मिनिटाला एक चौकोन वर यायचा: तुमचा संगणक धोक्यात आहे, लॉटरी लागली, पाच मिनिटांत कर्ज. आधीच्या एका माणसाने याच दुखण्यावर पैसे घेऊन विंडोज पुन्हा टाकलं होतं आणि पंधरवड्यात चौकोन परत हजर.

व्हायरस नव्हताच. निकाल आणि नोकरभरतीच्या जाहिराती दाखवणाऱ्या साइटी उघडल्या की वर एक प्रश्न येतो, सूचना पाठवू का? काही साइटी तर ‘डाउनलोडसाठी अलाऊ दाबा’ असं खोटंच लिहितात. पोरगा घाईत अलाऊ दाबत गेला. एकदा दाबलं की ती साइट बंद केली तरी ब्राउझर तिच्या वतीने चौकोन दाखवत राहतो. विंडोज नवं टाकल्यावरही भरतीच्या त्याच साइटींवर पुन्हा तेच बटण दाबलं गेलं. सेटिंगमध्ये साइट-परवानग्यांची यादी उघडली तर पडदाभर नावं निघाली. ती पुसली, परवानगी विचारणंच बंद केलं, चौकोन थांबले. फॉरमॅटची गरज नव्हती.

पण ती यादी पाहताना दुसरं एक दिसलं, आणि खरं प्रकरण तिथून सुरू झालं. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यात जे खातं लॉगिन होतं ते ताईंचं नव्हतंच. केव्हातरी एक विद्यार्थी अर्ज भरायला आला, स्वतःच्या मेलने शिरला, सिंक चालू करून गेला. तो आता पुण्याला शिकतोय. त्यानंतर ‘पासवर्ड सेव्ह करू?’ या प्रश्नाला जितक्यांदा हो म्हटलं गेलं तितके पासवर्ड त्याच्या खात्यात जमा होत होते. शेतकऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे, एका पतसंस्थेच्या कारकुनाचे. त्या विद्यार्थ्याला याचा पत्ताही नसणार, पण त्याच्या मोबाइलवर निम्म्या गावाच्या किल्ल्या जात होत्या.

तिसरी अडचण सगळ्यांना माहीत होती, फक्त कारण माहीत नव्हतं. दोन जुन्या यंत्रांवर काही पोर्टलं वाकडीतिकडी दिसू लागली होती, काही ‘तुमचा ब्राउझर अद्ययावत करा’ म्हणून दारातच अडवत होती. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला. क्रोमने त्यानंतरही तीन वर्षं ओढलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती आली ती विंडोज १० आणि त्यापुढच्यासाठीच. म्हणजे ही दोन यंत्रं १०९ वर थिजलेली. नवी यंत्रं घ्यायला ताईंकडे त्या हंगामात पैसा नव्हता.

वाटणी

फायरफॉक्स सुचवायचं कारण अगदी कोरडं होतं. त्याची ११५ वी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली आणि विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची. पण तिच्याच दीर्घ मुदतीच्या शाखेला मोझिला, म्हणजे फायरफॉक्स बनवणारी संस्था, सुरक्षा-दुरुस्त्या देत राहिली आणि तिची मुदतही एकापेक्षा जास्त वेळा वाढवली. जुन्या यंत्रावर, जिथे लोकांच्या आधार आणि बँकेची कामं होतात, तिथे चालू दुरुस्त्या मिळणारा ब्राउझर हा थिजलेल्यापेक्षा बरा, एवढाच युक्तिवाद. विंडोज स्वतः उघडं पडलेलंच आहे, त्यामुळे ही मलमपट्टी आहे हे ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं.

क्रोम काढलं नाही. पर्यायी ब्राउझरच्या प्रचारात उत्साही माणसं हीच घाई करतात असं मी बऱ्याचदा पाहिलंय. जुनं काढायचं, नवं डिफॉल्ट करायचं आणि निघून जायचं. मग दुसऱ्या दिवशी एक पावती छापली गेली नाही की ‘ते नवीन काहीतरी टाकलं तेव्हापासून’ हे वाक्य कायमचं चिकटतं. इथे कामांची वाटणी केली. एका वहीत पोर्टलांची नावं, आणि प्रत्येकापुढे रकाने: लॉगिन, कॅप्चा, ओटीपी, कागद चढवणं, अंगठा, पैसे भरून परत येणं, पावतीची छपाई. पोरगा रोज काम करता करता टिकमार्क करत गेला. नुसतं पान उघडून ‘चालतंय’ म्हणणं फसवं असतं; पोर्टल अडतं ते शेवटच्या दोन रकान्यांत, तोवर अर्धा तास गेलेला असतो.

वहीतून जे निघालं ते असं. साधे अर्ज, सातबारा बघणं, निकाल, मेल, कागद चढवणं, हे सगळं फायरफॉक्सवर विनातक्रार. पैसे भरायच्या पानावर अडकायचं, कारण बँकेचं पान नव्या खिडकीत उघडतं आणि फायरफॉक्स ती अडवून वरच्या बाजूला एक बारीक पट्टी दाखवतो. पोराची नजर खाली बटणावर, पट्टी वर. त्या ठरावीक साइटींना खिडकी उघडायची परवानगी दिली आणि विषय मिटला. पावतीचा उजवा रकाना छापताना कापला जायचा; छपाईच्या चौकटीत ‘पानात बसवा’ निवडल्यावर सरळ झाला. ट्रॅकिंग अडवण्याची पातळी नेहमीचीच ठेवली. कडक पातळीवर काही पानं मोडतात, आणि मोडलेल्या पानासमोर रांग उभी असताना गोपनीयतेचं व्याख्यान कोणी ऐकत नाही.

अंगठ्याचं काम मात्र सरळ झालं नाही. अंगठ्याचं यंत्र थेट वेबपानाशी बोलत नाही. त्याची एक छोटी सेवा संगणकावरच चालू असते आणि पान तिला १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर गाठतं. त्या बोलण्यासाठी यंत्राचं सॉफ्टवेअर स्वतःचं प्रमाणपत्र विंडोजच्या कोठारात टाकतं. क्रोम ते मानतो. फायरफॉक्स विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःची वेगळी बाळगतो, म्हणून यंत्र जोडलेलं, दिवा लागलेला, आणि पान म्हणतंय ‘डिव्हाइस सापडलं नाही’. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये विंडोजच्या कोठारावर विश्वास ठेवायची एक ओळ आहे, ती चालू केल्यावर एका पोर्टलवर अंगठा उमटला. दुसऱ्यावर काही केल्या नाही. डिजिटल सहीच्या डोंगलचीही तीच कथा. त्या पोर्टलच्या मदत केंद्राला फोन लावला. उत्तर आलं, ‘क्रोम वापरा.’ वहीत लाल पेनने तसंच लिहून ठेवलं, आणि अंगठा व सही ही दोन कामं विंडोज १० च्या यंत्रावर क्रोमकडेच राहिली.

एक कंस इथे. जुन्या सरकारी पानांच्या तळाशी अमुक आवृत्तीच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येच हे नीट दिसेल अशी ओळ असायची. मायक्रोसॉफ्टने तो १५ जून २०२२ ला निवृत्त केला, तरी त्याच्यासाठी लिहिलेली पानं चालावीत म्हणून त्यांच्याच नव्या एज ब्राउझरमध्ये त्याची जुनी रीत आजही ठेवावी लागली आहे. आता तळाच्या ओळीत फक्त नाव बदललंय. एकाच ब्राउझरवर तपासून पोर्टल सोडून दिलं की त्याचं ओझं दहा वर्षांनी कोणीतरी उचलतंच.

निळी खुर्ची, निळा टॅब

ताईंनी फायरफॉक्स खऱ्या अर्थाने स्वीकारला तो प्रवेश-शिष्यवृत्तीच्या हंगामात, आणि कारण माझ्या यादीत खूप खाली होतं.

शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रत्येक विद्यार्थ्याचं लॉगिन वेगळं. ओटीपी जातो तो बहुधा वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील पाड्यावर, जिथे रेंज टेकडीवर चढल्यावर येते. पोरगी खुर्चीत बसलेली, पान ओटीपीची वाट बघतंय, मागे रांग. ‘काय व्हयनं?’ मागून कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘ओटीपी उना नही.’ एकाच ब्राउझरमध्ये दुसऱ्या विद्यार्थ्याचं लॉगिन उघडलं की पहिल्याचं बाहेर पडतं. म्हणून ताईंनी स्वतःची युक्ती काढली होती: एक जण क्रोममध्ये, दुसरा इन्कॉग्निटोत, तिसरा एजमध्ये. चौथा आला की संपलं. शिवाय कोण कुठे हे डोक्यात ठेवायचं, आणि दिवे लागणीला डोकं साथ देत नाही. एकाचा ओटीपी दुसऱ्याच्या पानात गेलाय, असं त्यांच्याकडे झालेलं होतं.

फायरफॉक्समध्ये मल्टी-अकाउंट कंटेनर नावाची मोझिलाचीच जोडणी (एक्स्टेन्शन) आहे. तिने एकाच खिडकीत टॅबचे वेगळे कप्पे करता येतात. प्रत्येक कप्प्याच्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, स्वतंत्र, म्हणजे एकाच पोर्टलवर चार जणांची चार लॉगिनं एकाच वेळी शेजारीशेजारी. प्रत्येक कप्प्याला रंग देता येतो आणि टॅबवर त्या रंगाची रेघ दिसते.

पोराने कप्प्यांना नावं दिली ती दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची. लाल, निळी, हिरवी, पिवळी. निळ्या खुर्चीत बसलेल्याचा अर्ज निळ्या टॅबमध्ये. ज्याचा ओटीपी यायचाय त्याने खुर्ची सोडायची नाही. फोन वाजला की तो ‘निळी, चार-सात-शून्य’ असं ओरडतो आणि पोरगा निळ्या टॅबवर जातो. ही कल्पना माझी नव्हे, पोराचीच, आणि अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे असं मला वाटतं. मी त्यांना ‘विद्यार्थी १’, ‘विद्यार्थी २’ अशी नावं देऊन ठेवली असती.

काही मर्यादा लगेच कळल्या. जिथे केंद्राचं स्वतःचं एकच ऑपरेटर लॉगिन असतं तिथे कप्पे निरुपयोगी, कारण दुसरीकडून शिरलं की सर्व्हरच पहिलं सत्र तोडतो. कप्प्यात मागच्या माणसाचं लॉगिन राहून जाऊ शकतं, म्हणून फायरफॉक्स बंद करताच सगळ्या कुकीज पुसायची सोय चालू केली, पासवर्ड साठवायचा प्रश्न विचारणंच बंद केलं, आणि दुपारी जेवायला उठताना ब्राउझर बंद करायचा नियम घातला. खुर्ची मोकळी झाली की आधी ‘लॉगआउट’ हे पोराला तीनदा सांगावं लागलं, मग सवय झाली.

सूचनांचे चौकोनही परतले नाहीत. फायरफॉक्सने जानेवारी २०२० च्या ७२ व्या आवृत्तीपासून तो प्रश्न तोंडावर आणणं बंद केलंय. पत्त्याच्या पट्टीत एक छोटं चिन्ह हलतं, तिकडे पोराचं लक्षही जात नाही. दुर्लक्ष झालं तरी नुकसान होत नाही अशी ही रचना आहे, आणि गर्दीच्या दुकानात ती कामाची.

मराठी मेनूंचा प्रयोग मात्र उलटला. फायरफॉक्स मराठीत मिळतो, मी हौसेने तसा टाकला. पोराचं एमएस-सीआयटी इंग्रजी मेनूंवर झालेलं, आणि फोनवरून मदत करणारा प्रत्येक जण ‘सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसीवर क्लिक कर’ असंच बोलतो. ‘प्राधान्ये’ कुठेत हे शोधण्यात त्याची दुपार गेली. इंग्रजी परत आणलं. ताईंच्या सासऱ्यांच्या मोबाइलवर मात्र मराठीच ठेवलं आणि ते खूश आहेत, कारण त्यांना कोणी फोनवरून शिकवत नाही.

इतर पर्याय, थोडक्यात

विंडोज १० च्या यंत्रावर आणखी काही करून पाहिले. ब्रेव्ह जाहिराती स्वतःच अडवतो, पानं झटकन उघडतात. पण त्यातली क्रिप्टो-वॉलेट आणि बक्षिसांची चिन्हं आधी लपवावी लागली, नाहीतर पोराने ती दाबलीच असती. विवाल्डी, ऑपेराच्या एका संस्थापकाने काढलेला, त्यात नाही ते काय? पण एवढं सगळं सेवा केंद्राच्या टेबलावर नको.

झोहोच्या उलाबद्दल लोकांनी स्वतःहून विचारलं. केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर-स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये तो पहिला आला, आणि सप्टेंबरच्या सुमाराला झोहोच्याच अरट्टाई या मेसेजिंग ॲपची हवा झाली तेव्हा ‘तो आपला स्वदेशी टाका’ म्हणणारे दोन-चार जण आले. टाकून दिला, चालतो. कामाचं, घरचं, मुलांचं असे वेगळे मोडही त्यात आहेत. मात्र विचारणाऱ्याला मी हे सांगतोच की उला, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज या सगळ्यांचं आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, क्रोमियमच, म्हणजे गुगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या प्रकल्पाचं. पोर्टल चालण्याच्या दृष्टीने तो फायदा: क्रोमवर चाललं की बहुधा इथेही चालतं. पण वेबवर दुसरं इंजिन जगावं म्हणून कोणी पर्याय शोधत असेल तर विंडोजवर त्याच्यापुढे व्यवहारात फायरफॉक्सच उरतो. दोन्ही कारणं खरी आहेत, एकाच्या नावाखाली दुसरं खपवू नये.

गिऱ्हाइकांपर्यंत

ताईंच्या भाच्याला प्रचाराचा उत्साह आला. दारावर कागद लागला: ‘सुरक्षित ब्राउझर वापरा, माहिती आत विचारा.’ आत कोणीच विचारलं नाही. याचं मला नवल नाही. गावात कोणी ब्राउझर उघडत नाही, ‘गुगल’ उघडतो. मोबाइलच्या पहिल्याच पानावर शोधपट्टी असते, व्हॉट्सॲपवरची लिंक आपोआप कुठेतरी उघडते, मध्ये क्रोम नावाचं काही आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. अँड्रॉइड फोनवर गुगलची ॲप्स आधीपासून बसवून देण्याच्या सक्तीसकट अनेक गोष्टींसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, पण दंडाने सवय बदलत नाही. एका काकांच्या फोनवर भाच्याने डिफॉल्टच बदलून दिलं. संध्याकाळी ते दारात, ‘मना गुगल कथा गया?’ (माझं गुगल कुठे गेलं?)

वास्तविक खान्देशाने पर्यायी ब्राउझर एकदा डोक्यावर घेतलेला आहे. नोकियाच्या बटणांच्या फोनवर ऑपेरा मिनी. कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना ब्लूटूथने पाठवून तो पसरवला, कोणी कागद लावले नव्हते. पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जायचं, तिथे दाबून लहान व्हायचं, मग फोनवर यायचं, आणि एमबीएमबीचे पैसे मोजायच्या काळात तो फरक रिचार्जमध्ये दिसायचा. मागून यूसी ब्राउझर आला, त्यावर जून २०२० मध्ये बंदी आली. पण ऑपेरा मिनीचं महत्त्व त्याच्या आधीच ओसरलं होतं: सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, वाचवायचं काही उरलं नाही, आणि लोक फोनमध्ये जे होतं तिकडे गेले. लोक ब्राउझरसाठी आले नव्हते, म्हणून ब्राउझरसाठी थांबलेही नाहीत.

हे ध्यानात घेऊन दुसऱ्या खेपेला आम्ही ब्राउझरचं नावच घेतलं नाही. केळीचा भाव बघायला बातमीची साइट उघडली की निम्मा पडदा जाहिरात, फुली दाबायला जावं तर फुलीच जाहिरात उघडते, हे दुखणं सगळ्यांचं. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन ही जाहिराती अडवणारी जोडणी बसते, क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत जोडण्या बसतच नाहीत. संगणकावरच्या क्रोममधूनही मूळ यूब्लॉक ओरिजिन २०२५ च्या मध्यापर्यंत बाहेर पडलं, तिथे आता त्याची हलकी आवृत्ती मिळते. पोरगा रांगेतल्या माणसाच्या फोनवर तेच बातमीचं पान आधी त्याच्या नेहमीच्या ठिकाणी दाखवायचा, मग स्वतःच्या फोनवर. डिफॉल्टला हात नाही. फक्त शोधपट्टीशेजारी फायरफॉक्सचं कोल्ह्याचं चिन्ह, ‘भाव बघायला हा कोल्हा दाब.’ यातले काही जण आजही तो दाबतात. बाकीच्यांनी विसरून टाकला किंवा फोनची जागा भरली तेव्हा काढून टाकला. तरुण पोरांमध्ये टिकाव जास्त दिसला, कारण ते फुकट सिनेमांच्या साइटींवर जातात आणि तिथल्या जाहिरातींचा त्रास त्यांनाच. हे ताईंना सांगितलं नाही.

बातमीच्या साइटी जाहिरातींवर चालतात, सरसकट अडवणं न्याय्य का, हा प्रश्न जिल्ह्याच्या एका छोट्या वार्ताहराने तिथेच मला विचारला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. त्याच्या साइटीवर जाहिराती मर्यादेत होत्या, म्हणून तिच्यापुरतं यूब्लॉक बंद कसं ठेवायचं ते पोराला शिकवलं.

सध्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. ताईंनी दिवाळीनंतर हप्त्यावर एक नवं यंत्र घेतलं. अंगठा आणि डोंगल तिकडे हललं, क्रोमवरच. दोन म्हाताऱ्यांपैकी एक बंद करून ठेवलाय. दुसऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून फायरफॉक्सवर फक्त अर्ज भरायचं काम चालू आहे. प्रिंटर चालला, अंगठ्याच्या यंत्राचा त्यावर नाद केला नाही. विंडोज १० चं यंत्र एका वर्षाच्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांवर आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. क्रोममधलं पुण्याच्या विद्यार्थ्याचं खातं काढलं, त्याला फोन करून साठलेले पासवर्ड पुसायला लावले, आणि ज्यांचे आठवले त्या गावकऱ्यांना पासवर्ड बदलून घ्यायला बोलावलं. थोडेच आले.

वही अजून चालू आहे. दर हंगामाला पोर्टलं बदलतात, म्हणून जूनच्या आधी रकाने पुन्हा तपासायचे ठरलंय. लाल पेनाने लिहिलेलं पोर्टल मधे एकदा नव्या रूपात आलं, पोराने फायरफॉक्सवर उघडून पाहिलं: लॉगिन होतं, कॅप्चा दिसतो, अंगठा अजूनही नाही.